रंगवलेल्या आठावरची चाचणी

पुण्याहून नगरची एस.टी. सुटली तेव्हा चाकांचे बूट मी मांडीवरच धरले होते. मी मुलींच्या शाळेत व्यायाम शिकवते. शाळेत स्केटिंग सुरू करायचं मनात होतं, पण बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, आधी मी नगरला होणारी शिक्षकांची स्केटिंगची चाचणी पास व्हावं अशी अट घातली होती. मागच्या वर्षी नापास झाले होते. या वर्षी पास होऊनच परतायचं ठरवलं होतं.

सुप्याच्या पुढे गाडी बंद पडली. दोन्ही बाजूंना पाण्याविना करपलेली ज्वारी आणि डोक्यावर ऊन. तासभर थांबून शेवटी कांद्याच्या टेम्पोला हात केला. गोण्यांवर केडगावच्या एक मावशी बसल्या होत्या. एवढ्या मोठ्या बाईची कसली परीक्षा, असं त्यांनी विचारलं. सांगितल्यावर त्यांनी फडकं सोडलं, भाकरी आणि ठेचा पुढे केला.

“आदी खाऊन घ्या. उपाशीपोटी पाय लटपटत्यात,” त्या म्हणाल्या.

केडगावहून टांग्याने नगरच्या कॅम्पातल्या मैदानावर पोचले तोवर माझा नंबर येऊन गेला होता. विनवणी केल्यावर मला शेवटी घेतलं.

या चाचणीत कुणाला हरवायचं नसतं. सिमेंटवर एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळं रंगवलेली असतात, मराठी आठाची नव्हे, इंग्रजी आठाची आकृती. एक वर्तुळ उजव्या पायावर, दुसरं डाव्या पायावर, रेषा न सोडता. तीन परीक्षक बघतात. दोघांनी पास म्हटलं की पुरे. एखादा भाग चुकला तर तेवढाच पुन्हा करायला सांगू शकतात.

उजवं वर्तुळ छान झालं. डाव्यावर तोल गेला, दुसरा पाय जमिनीला टेकला. पुन्हा करायला सांगितलं. दात घट्ट आवळून केलं. थरथरत, पण रेषेवरून.

दोघांनी पास केलं. तिसरे, फौजेतून निवृत्त झालेले उंच गृहस्थ, त्यांनी केलं नाही. प्रमाणपत्र मिळणार होतं, तरी मी त्यांच्याजवळ जाऊन काय राहिलं ते विचारलं.

“डावा गुडघा ताठ ठेवता तुम्ही,” ते म्हणाले. “उद्या तुमच्या मुलीही तसाच ठेवतील.”

मी पुन्हा बूट बांधले. लोक पांगले, माझी परतीची गाडी गेली, तरी ते कडेला उभे राहून बघत होते. कितीदा तरी मी घसरले, हाताचं कोपर सोलवटलं. ऊन कलल्यावर एकदाचा गुडघा वाकला आणि वर्तुळ अलगद पुरं झालं.

“आता शिकवा,” एवढंच बोलून ते निघाले.

संध्याकाळच्या गाडीत जागा नव्हती, पुण्यापर्यंत उभीच आले. पास तर मी दुपारीच झाले होते. पण तेव्हाच निघाले असते तर माझी चूक मुलींच्या पायांत गेली असती. वळण आलं की डावा गुडघा आपोआप वाकत होता, आणि दांडा न धरताही मी पडत नव्हते.