गळा आईचा, तोंड दुसरीचं

जयभीम मंडळी. ज्या बाईचा आवाज लोकांना आवडतो, तिचा चेहरा दाखवायला त्यांना लाज काहून वाटते? मला खरंच उत्तर माहीत नाही.

आज सकाळी सेनगावला आमच्या घरी टीव्हीचे एक दिग्दर्शक आले होते. गाणाऱ्या कुटुंबावर विनोदी मालिका काढतायत. आमची घरचीच गायन पार्टी आहे. बाबा पेटीवर, भाऊ ढोलकीवर, कोरसला मी आणि पुढे आई. जयंतीला आम्ही गावोगाव गातो.

आई गायली. साहेब खूश झाले.

"आवाज ताईंचाच घेऊ. पडद्यावर मात्र नटी ओठ हलवेल."

"असं काहून?" मी विचारलं.

"परदेशात अशाच कुटुंबावर जुनी मालिका गाजली होती. तिच्यातही बहुतेक जण नुसते ओठ हलवायचे. इतिहास आहे हा!"

बाबा हळूच म्हणाले, "आवाज तरी टीव्हीवर येईल, लेकरा."

आई हसली. "गाऊ मी अन् दिसल ती? मग साहेब, माझ्या वाटचा हा चहा बी तिलाच पाजा."

बाबांचं मन मला कळतं. इतकी वर्षं मंडपात गाऊनही आईचं नाव कुणी विचारलं नाही. पण घरातली पहिली पदवी मी अशा इतिहासापुढे मान डोलवायला घेतलेली नाही. चुकीची गोष्ट जुनी झाली म्हणून बराबर होते का, तुम्हीच सांगा.

साहेब गेल्यावर मी आईला विचारलं. "न्हाई म्हणून टाक," ती म्हणाली.

दुपारीच नकार कळवला. आणि सकाळी भावानं मोबाईलवर घेतलेलं गाणं, आईच्या चेहऱ्यासकट, तिच्या नावानं इथंच माझ्या पानावर टाकलं.