रिकाम्या सीटचे पैसे

दोस्तहो, दुपारपासून डोक्यात भुंगा आहे, म्हणून इथं लिहितेय.

अब्बांचा गुडघा दाखवायला आज नागपूरहून विमानानं मुंबईला आलो. तिकीट काढतानाच मोबाईलवर प्रश्न आला होता, बाजूची सीट रिकामी हवी का? त्यांचा पाय मोकळा राहील म्हणून मी जास्तीचे पैसे भरले.

अब्बांनी जन्मभर दर्यापूर-अमरावती जीप चालवली. कापूस बुडाला त्या वर्षांत ती अर्धी रिकामी धावायची. तेव्हापासून रिकामी सीट त्यांना बघवत नाही.

“ही कोनाची?” त्यांनी मधल्या सीटकडे बोट दाखवलं.

“आपलीच. रिकामी ठेवायचे पैसे भरलेत.”

“म्हंजे, कोनी बसू नये याचे पैसे?”

मग ते सारखे मागं वळून बघू लागले. मागं एक बाई मांडीवर पोर घेऊन दोन धिप्पाड माणसांच्या मधे चेंगरून बसली होती. विमान उडाल्यावर अब्बांनी तिला बोलावलंच. “सरक बेटा” म्हणत मला मधे ढकललं आणि तिला माझी खिडकी दिली.

एअर होस्टेस आली. “काका, ही सीट तुम्ही रिकामी घेतलीय.”

“आमचीच हाय ना? म्हून तं बसवलं!”

ती हसून गेली. अब्बा पाय आखडून बसले आणि मी मुंबईपर्यंत धुमसत राहिले.

आता परतीचं तिकीट काढतेय, तर मोबाईलवर पुन्हा तोच प्रश्न. काय करू, तुम्हीच सांगा. कारण अब्बांना विचारलं, तर सुजलेला गुडघा चोळत म्हणाले, “भर ना पैसे. जातानी अजून कोनाले तरी बसवून नेऊ.”