ठकूआत्याची खिडकी आणि छोटा एसी

प्रिय ईरा आणि नील,

तुमचे बाबा हे तुम्हाला वाचून दाखवतील, म्हणून सोपं लिहिते. आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. झरीच्या शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. चिंचेखाली कुणीतरी दिसलं म्हणून शाळा बुडवणाऱ्या मुलींना त्याच चिंचेखाली बसवून स्पेलिंग पाठ करून घेणारी मी बाई. तरीही मागच्या मे महिन्यात तुम्ही दोघं झोपलेले असताना जे झालं, ते मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. ते तुमच्याच बाबतीत झालं, म्हणून पहिल्यांदा तुम्हालाच सांगते.

आपल्या घरातली ती जुनी खोली आठवते ना? बाकी सगळं स्लॅबचं, ती एकटी माळवदाची — लाकडी तुळया, त्यावर मातीचं छत, हातभर जाड दगडी भिंती. तिला रस्त्याकडे एकच उंच खिडकी. वरची दारं वेगळी, खालची वेगळी, आणि खाली माणूस आरामात बसेल एवढा दगडी कट्टा.

तो कट्टा ठकूआत्याचा. तुमच्या आजोबांची ती आत्या. लहानपणीच नवरा गेला, मूलबाळ नाही, सगळं आयुष्य भावाच्या घरी काढलं. मी लग्न होऊन आले तेव्हा गावात वीज होती, आपल्या घरात नव्हती. तुळईला लोखंडी कड्या आहेत ना, त्यांना आडवा बांबू टांगून त्यावर सतरंजी सोडलेली असे. दोरी ओढली की ती पुढेमागे झुलायची, तोच पंखा. तुमचे बाबा तान्हे होते. दुपारी आत्या कट्ट्यावर वाती वळत बसायची आणि मला म्हणायची, "निज गं तू बी. लेकरू उकडायलंय, मी हाय इथं." दोन्ही हात कापसात, पण पंखा थांबत नसे. बाबांना चालता येण्याआधीच ती गेली. त्यांना तिचा चेहराही आठवत नाही.

तिच्या मागे तिचं करणारं कुणी नाही, म्हणून दर अक्षय्य तृतीयेला मी त्या कट्ट्यावर वाळा घातलेल्या पाण्याचा करा, म्हणजे छोटं मडकं, आणि एक हातपंखा ठेवते. श्रद्धा म्हणून नव्हे... घरची रीत म्हणून.

आता एसीकडे येते.

मागच्या मेच्या आधी तुम्ही आला होतात, त्या खेपेला नीलचा उन्हाने घोळणा फुटला होता आणि ईरा, तुझी पाठ घामोळ्यांनी लाल झाली होती. कूलर होता, पण त्याच्या ओलसर हवेने तुम्ही दोघं रात्रभर खोकत होतात. म्हणून मागच्या मेमध्ये येण्याआधी तुमची आई फोनवर हळूच म्हणाली, "आई, आम्ही परभणीला हॉटेलात राहतो. तुम्हाला भेटायला दिवसभर येऊन जाऊ." तिचं चुकलं नव्हतं. पण दिवसभर येऊन जातात ते पाहुणे. मी म्हटलं, "केतकी, मी खोली थंड करते. मग तर राहाल?" ती म्हणाली, "मग राहू की."

माळवदाच्या भिंतीला मोठं भोक पाडलं तर माती ढासळते, त्यामुळे स्प्लिट एसी नको. खिडकीतलाच हवा. मी शिवणाची टेप घेऊन खिडकी मापली आणि परभणीला गेले. दुकानात गफूरभाई, माझ्या एका विद्यार्थिनीचा भाऊ. त्याने मला दीड टनाचं धूड दाखवलं.

"मावशी, हेच न्या. परभणीचं ऊन हाय हे."

"हे खालच्या कट्ट्यावर टेकेल. मला कट्टा मोकळा हवा. वरच्या अर्ध्या खिडकीत मावेल असा दाखव. आणि वीज कमी खाणारा."

त्याने पाऊण टनाचा दाखवला. इन्व्हर्टरचा, पाच ताऱ्यांचा, आवाज बेताचा, आकार आपल्या धान्याच्या डब्याएवढा.

"हे डबडं काय करायलंय तेवढ्या उन्हात? कट्ट्यावर कोण बसतंय मावशी?"

"करा ठेवते मी तिथं. वर्षातून एकदा."

तो हसला. "वर्षातून एकदा मडकं ठेवायचं म्हणून बारा महिने लहान मशीन? लय भारी हिशोब हाय तुमचा."

परतीच्या बसमध्ये मला त्याचं म्हणणं पटायला लागलं होतं. त्या मशीनने खोली गार झाली नाही, तर तुम्ही दोन दिवसांत हॉटेलात जाणार, तेही एका गेलेल्या बाईच्या जागेपायी. पण खरेदी झाली होती. लोखंडी अँगलवर मशीन बसलं, उरलेल्या फटी प्लायने बुजवल्या, कट्टा मोकळा राहिला.

तुम्ही आलात. खोली चांगली गार व्हायची. जाड भिंती आणि मातीचं छत, लहान मशीनला तेवढं पुरे. मला वाटलं, जिंकले.

मग ती दुपार. तुम्ही जेवून झोपलात. आई-बाबा चारठाण्याची देवळं बघायला गेलेले. आणि लाइट गेली. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी त्याच आठवड्यात बसली होती, त्यामुळे पंखेही बंद. मी ओसरीवर घामाघूम. वीज कार्यालयात फोन केला तर म्हणाले, "बाई, ट्रान्सफॉर्मर जळालाय, वेळ लागंल." म्हटलं, संपलं. मुलं रडत उठणार, केतकी बॅगा भरणार. ओला पंचा घेऊन तुमच्या खोलीत आले.

आत वारं होतं.

झोत नव्हे. यायचं, जायचं... परत यायचं. छताचा पंखा स्तब्ध, एसी बंद, खिडकीची खालची दारं लावलेली. दाराचा पडदा हलत नव्हता. पण ईरा, तुझ्या कपाळावरची बट उचलली जात होती आणि खाली बसत होती. नीलच्या गळ्याला हात लावून पाहिला — कोरडा. वर तुळईच्या कडीतून कर्र... कर्र असा बारीक आवाज. कडीत काहीही टांगलेलं नव्हतं.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, डोळ्यांवर झापड आली. मी तुमच्या पायाशी बसले आणि तशीच आडवी झाले.

लाइट आली, मशीन घुरघुरलं, तेव्हा जाग आली. वारं थांबलं होतं. ईरा, तू उठून बसली होतीस, खिडकीकडे बघत. मला विचारलंस, "ती आजी गेली?"

"कोणती गं?"

"तिथे बसलेली. तिच्या पायाला दोरी होती. आजी, तिचा पाय दुखत नाही का?"

बाळा, आत्याचे हात वातींत गुंतलेले असायचे. पंख्याची दोरी ती उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि पाय हलवत राहायची. हे मी तुला सांगितलं नव्हतं. तुझ्या बाबांना विचारलं, त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "आई, तूच कधीतरी गोष्टीत सांगितलं असशील." मी सगळ्या गोष्टी आठवून पाहिल्या. नाही सांगितलं. जाड भिंतींमुळे खोली गार राहिली असेल, हे मी मानते. कडीचा आवाज लाकूड तापल्याचा असेल. बट का हलत होती, आणि तुला अंगठ्याची दोरी कुठून कळली?

तुम्ही ठरल्याप्रमाणे शेवटपर्यंत आपल्याच घरी राहिलात. यंदा गफूरभाई म्हणाला, "मावशी, ते लहान द्या, मोठं बसवू, बदलून देतो." मी नको म्हटलं.

परवा अक्षय्य तृतीया झाली. नेहमीसारखा करा ठेवला, वाळा घातला. हातपंखा मात्र ठेवला नाही. तिने किती वारा घालावा? त्या जागी खोबरेल तेलाची वाटी ठेवली, कोमट करून. विश्वासाचं मला विचारू नका. तू पायाचं विचारलं होतंस ना ईरा, म्हणून.

तुमची,
आजी