खाडीत रुतलेली सभा

दुपारी पडवीत जरा डोळा लागला की मला अजून होडीत असल्यासारखं वाटतं. खाली गार चिखल, चहूकडे तिवरांचं हिरवं रान, आणि होडी काही हलत नाही. मग कुठून तरी एक हलका धक्का बसतो, होडी डुलते, पाणी आलं असं मी झोपेतच म्हणते आणि कूस बदलते.

त्या होडीत माझ्यासोबत एक बाई असते. तिची मला फार मौज वाटते. पन्नाशीची, कडक इस्त्रीची साडी, पर्समध्ये ग्रामपंचायतीचा शिक्का. कुणी "अहो काकू" म्हटलं तर तिला ऐकू येत नसे. "सरपंचबाई" म्हटलं की दोन वाड्या पलीकडून ऐकू येई. ती बाई म्हणजे मीच. देवा रे!

त्या वर्षी तालुक्यातून निरोप आला होता. खाडीकाठच्या सगळ्या गावांनी आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या शहराने मिळून एकच आराखडा करायचा. पाणी, कचरा, शेतीचे बांध, तिवरं, सगळं एकत्र, नातवंडांच्या नातवंडांना पुरेल असं. मला काय, आनंदच झाला. माझा आराखडा तयारच होता. आमच्या काठाला एक मोठं खाजण आहे, भरतीला बुडणारं, ओहोटीला उघडं पडणारं. त्यात भराव टाकायचा आणि गाड्या लावायला मैदान करायचं. काशीदच्या किनाऱ्यावर गाडी लावायला जागा मिळाली नाही की पाहुणे मुकाट्याने आमच्याकडे येतील. नकाशा मी स्वतः रंगवला होता. गाड्या लाल, झाडं हिरवी. पलीकडचा काठ मात्र कागदात मावला नव्हता.

पलीकडच्या काठाला माझं माहेर. भाऊ गेला, वहिनी एकटी शेती बघते. तिचं भाताचं शेत खारबांधाला अगदी चिकटून. मागे एकदा बांधाला खांड पडली, खारं पाणी आत शिरलं आणि ते शेत गोडं व्हायला कितीतरी पावसाळे जावे लागले. तेव्हा भाऊ होता. आता पुन्हा खांड पडली तर वहिनीचं शेत गेलं ते गेलंच. तिच्या गावाने सभेला सदस्य म्हणून तिलाच धाडलं होतं.

सभेचा दिवस मी ठरवला. कालनिर्णयासमोर उभी राहून तासभर विचार केला. सोमवार नको, गुरुवार नको, चतुर्थी नको, एकादशी तर नकोच. सगळ्यांना मासळी चालेल असा दिवस हवा, कारण सोड्यांचं कालवण खाऊन माणूस कुठेही सही करतो, असा माझा अनुभव. त्याच तिथीवरून भरती-ओहोटीही कळते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. सरपंचबाईंना तेवढं सुचलं नाही.

सभा शाळेत भरली आणि चहाच्या आधीच मोडली. जो तो आपापल्या गावापुरतं बोलत होता. पण माझा हट्ट दांडगा. म्हटलं, चला, जागाच दाखवते, होडीतून. नाही म्हणता म्हणता तिघे आले. वहिनी, शहराचे पांढऱ्या बुटातले नगरसेवक, आणि कोळीवाड्याचे सरपंच, कारण होडी त्यांची होती.

"बाय, पानी उतरतंय," ते म्हणाले.

"पाच मिनिटांचं काम आहे. मी सांगते ना!"

"मला सांगून काय? पान्याला सांग."

खाजणासमोर आलो आणि होडी मऊ उशीवर डोकं टेकावं तशी चिखलात टेकली. पाणी आमच्या डोळ्यांदेखत मागे सरकत गेलं. आता भरती येईपर्यंत तिथेच. उतरावं तर कमरेइतका चिखल. नगरसेवक बुटांकडे बघत राहिले.

मी कालवणाचा डबा उघडला. भाकऱ्या ठेवायला काही नव्हतं, तेव्हा नकाशाच पसरला. कालवणाचा पिवळा ओघळ नेमका लाल गाड्यांवरून गेला.

जेवणं झाली. निवट्या, चिखलातले ते बोटभर मासे, टुणटुण उड्या मारत होत्या. एक बगळा आमच्याकडे बघून बघून कंटाळला आणि झोपला. ऊन तिवरांतून गाळून येत होतं. आम्ही कुठल्या गावाचे, कशाला आलो, सगळं पुसट झालं. वहिनी समोरच्या बांधाकडे बघत होती. चिखलातून तो बांध किती बुटका दिसत होता! काठावरून मला तो कायम भक्कम वाटायचा.

उन्हं कलली तसं पाणी परत निघालं. आधी खाडीच्या तोंडाकडून दुधाच्या रिकाम्या पिशव्या आल्या, एकामागून एक, वऱ्हाड यावं तशा.

"साहेब, तुमची मान्सं आली बघा," कोळी सरपंच म्हणाले. नगरसेवकांनी वाकून एक पिशवी उचलली. तिचं काय करावं ते न कळून हातातच धरून बसले.

मागून पाणी आलं. थेट बांधावर गेलं नाही. आधी आमच्या खाजणात वळलं, पसरलं, तिवरांच्या मुळांत हळूच बसलं, लांबून आलेला पाहुणा ओटीवर टेकतो तसं. मग उरलेलं, दमलेलं, पलीकडच्या बांधापाशी जाऊन नुसतं लागलं.

वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, ते तुमच्या ओटीवर टेकतं म्हणून माझ्या घरात शिरत नाही. तुम्ही ओटीच बुजवणार?"

मी नकाशाकडे पाहिलं. त्यावर भाकरीचा तुकडा होता. तो खाल्ला.

"खाजण तसंच राहू दे," मी पुटपुटले.

"काय म्हनलीस बाय? ऐकू न्हाय आलं."

"खाजण तसंच राहू दे!" मी ओरडले. बगळा उडाला.

त्यानंतर होडी हलली, मी स्वप्नात म्हणते ना, तशीच. आराखड्याला पुढे खूप महिने गेले, भांडणं झाली, शहराच्या पिशव्या अजून अधूनमधून येतात. पण खाजण उघडं आहे. पाहुण्यांच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात आणि मला शिव्या खाव्या लागतात.

गेल्या आषाढात मोठं उधाण आलं. पाणी खाजण ओलांडून माझ्या वाडीच्या कुंपणात शिरलं, अळू बुडालं, नारळांच्या आळ्यांत फेस आला. मी पदर खोचून पायरीवर उभी. वहिनीला फोन लावला.

"वहिनी, बांध?"

"आहे. शेत कोरडं आहे. तुमच्याकडे?"

"बसलंय ओटीवर. चहा विचारू का?"

"विचारा की," वहिनी म्हणाली. "साखर नका घालू फक्त. त्याला खारटच आवडतं."