व्ह्यूफाइंडरमधली माळढोक

या पानावरचे अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतेय, आणि खरं सांगते — बहुतेक वेळा हसण्यासाठी. चकवा, हडळ, पिंपळाखालची बाई... माझा कशावरच विश्वास नव्हता. मी नगरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं.) दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं आणि दिसेल ते लिहायचं, एवढंच काम. घरात कुणाला ताप आला आणि सासूबाई मीठ-मोहऱ्या घेऊन उठल्या की मी थर्मामीटर शोधायला उठायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालं, आणि त्यातून काही निघालं नाही. म्हणून इथे लिहितेय.

मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे. नाद म्हणजे व्यसनच. बरीच वर्षं साधा कॅमेरा वापरला, मग अडीच वर्षांपूर्वी मन घट्ट करून मिररलेस घेतला, वरच्या श्रेणीतला, आणि त्याला लांब पल्ल्याची लेन्स. नवऱ्याने महिनाभर टोमणे मारले. ज्यांनी असा कॅमेरा हाताळला नसेल त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुन्या कॅमेऱ्यात आरसा असतो, त्यातून आपण समोरचं थेट बघतो. मिररलेसमध्ये आरसाच नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की आत एक चिमुकला पडदा असतो, आणि सेन्सरला जे दिसतंय ते त्या पडद्यावर येतं. म्हणजे आपण नाही बघत, कॅमेरा बघतो आणि आपल्याला दाखवतो. शिवाय तो पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो, त्यावर छोटा चौकोन येतो, आणि पक्षी हलला की चौकोन त्याच्यामागे फिरतो.

जागा कर्जत तालुक्यातली. सोलापूर रस्त्याने मिरजगावच्या अलीकडे आत वळलं की एक मोठा माळ लागतो. गावाचं नाव लिहीत नाही. उघडं गवत, मधूनमधून बोरीची झुडपं, बाकी काही नाही. एके काळी तिथे माळढोक असायचे. मोराएवढा, लांब मानेचा पक्षी, माळावर राहणारा. आता आख्ख्या जिल्ह्यात एकही नाही. दोन वर्षांपूर्वी माळाच्या मधोमध वीजवाहिनीचे उंच टॉवर उभे राहिले, आणि गेल्या वर्षी उरलेलं गायरान सोलर प्लेटांसाठी द्यायचं ठरलं.

तिथे मला गहिनीनाथ मामा भेटले. सत्तरी ओलांडलेले. आधी वनखात्यात रोजंदारीवर, मग राखणदार म्हणून त्यांची तीस वर्षं त्या माळावर गेली. माळढोकांची मोजणी असली की साहेब लोक त्यांनाच पुढे घालायचे. मी दर रविवारी जायचे, ते मला ताई म्हणायचे, त्यांच्या घरी चहा व्हायचा. कोल्हे, लांडगे, चंडोल — कशावरही बोलायचे. माळढोकचा विषय निघाला की मात्र उठून शेळ्यांकडे जायचे. शेवटची मादी रस्त्याकडच्या जुन्या तारांना धडकून मेली, आठ-नऊ वर्षं झाली, एवढंच मला गावातल्या इतरांकडून ठाऊक होतं.

मागच्या सप्टेंबरातला रविवार. आदल्या रात्री पाऊस झाला होता, सकाळ स्वच्छ होती. पावणेआठच्या सुमाराला मी एका बोरीच्या झुडपाआड पोटावर पडून, लेन्स वाळूच्या छोट्या पिशवीवर टेकवून धाविक पक्ष्यांची एक जोडी टिपत होते. अचानक चौकोन धाविकवरून उडाला आणि उजवीकडे गेला. असं होतं कधीकधी, गवतात काही हललं तर. मी लेन्स थोडी वळवली.

व्ह्यूफाइंडरमध्ये माळढोक होती.

राखाडी-पांढरी उंच मान, डोक्यावर काळी टोपी, तपकिरी पाठ. मादी. चौकोन तिच्या डोळ्यावर घट्ट बसलेला. मी डोळा बाजूला करून सरळ समोर बघितलं... नुसतं गवत. दीडशे-दोनशे फुटांवर एवढा मोठा पक्षी उभा असेल तर आंधळ्यालाही दिसेल. पुन्हा डोळा लावला — ती होती. मान खाली घालून किडे टिपत होती. असं मी सात-आठ वेळा केलं असेल. उघड्या डोळ्याला गवत, कॅमेऱ्याला माळढोक. शटर दाबून ठेवलं, मग व्हिडिओ सुरू केला. मोबाईल काढून त्याच दिशेने त्याचाही व्हिडिओ घेतला. चार मिनिटं ती चरत होती. डाव्या पायाने लंगडत होती. मग एकदम मान ताठ केली, चार पावलं पळाली आणि उजवीकडे उडाली. मी लेन्स वळवायच्या आत फ्रेमबाहेर गेली.

मी उठून तिथपर्यंत चालत गेले. माती ओली होती, माझे बूट रुतत होते. पक्ष्याच्या पायाचा एकही ठसा नव्हता. धाविकची जोडी तिथेच फिरत होती, जणू काही झालंच नाही. मोबाईलमध्ये नुसतं गवत आलं होतं.

घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते की कार्डवर काही नसणार, भास झाला असणार. पण होतं. तीनशेच्या वर फोटो आणि चार मिनिटांचा व्हिडिओ, आवाजासकट. आणि त्या क्षणी मला भीती नाही वाटली, आनंद झाला. वाटलं, माझ्याच डोळ्यांची काहीतरी गफलत झाली असेल, गवत उंच होतं... पण माळढोक परत आलीय! हे वनखात्याला दाखवलं तर सोलरचं काम थांबेल, माळ वाचेल. रात्रभर झोप लागली नाही. पण कुणालाही पाठवायच्या आधी मामांना दाखवायचं ठरवलं. त्यांच्याइतकं तो पक्षी ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लॅबला दांडी मारून गेले. मामा अंगणात बाजेवर बसले होते. मी काही न सांगता कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो लावला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, पाय दाखवा. मी झूम केलं. डाव्या पायाचं मधलं बोट नव्हतं.

"ही लंगडी हाय," मामा म्हणाले. "फासात बोट तुटलं हुतं तिचं. ताई, हिला मीच उचलून आनली हुती तारांखालनं. साहेबांनी पेटीत घालून न्हेली माझ्याम्होरं."

मी म्हटलं, दुसरी एखादी असेल, तशीच जखम झालेली. त्यांनी फोटो पुढे-मागे करायला सांगितलं. मग विचारलं, हे तुम्ही बोरीकडून घेतलं ना, मग टॉवर कुठे आहेत?

मी आधी बघितलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष पक्ष्यावर. पाच मिनिटं आधीच्या, धाविकच्या फोटोंत मागे टॉवरचे दोन पाय धूसर दिसतात. माळढोकच्या फोटोंत तीच टेकडी, तीच उतरण, आणि टॉवर नाहीत. तीनशेतल्या एकाही फोटोत नाहीत. आणि उतरणीवर एक बाभळ आहे. मामा म्हणाले, ती बाभळ टॉवर आले तेव्हा तोडली.

मग मी व्हिडिओ लावला. तो लावायला नको होता, असं आता वाटतं.

चार मिनिटं मामा हललेसुद्धा नाहीत. वाऱ्याचा आवाज, चंडोलाचं गाणं. शेवटी, ती मान ताठ करते त्याच्या आधी, लांबून एक हाक ऐकू येते, कुणीतरी काहीतरी हाकलतंय अशी. ती मला माळावर ऐकू आली नव्हती, घरी व्हिडिओ बघताना पहिल्यांदा ऐकली, आणि कुणी मेंढपाळ असेल म्हणून सोडून दिली. ती हाक आली आणि मामांनी कॅमेरा मांडीवर ठेवला.

"त्यो मी हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. लंगडी मेली त्या सकाळी ते माळाच्या दुसऱ्या टोकाला होते. गावातली कुत्री गवतातून तिच्याकडे निघालेली त्यांना दिसली. ते जीव खाऊन ओरडले, कुत्र्यांवर. कुत्री किती पांगली कळलं नाही, पण लंगडी घाबरून उडाली, रस्त्याच्या दिशेने. तारांमध्ये. साहेबांना त्यांनी सांगितलं, मेलेली सापडली. साहेबांनी तेच लिहिलं.

"गप बसलो असतो तर?" एवढं एकच त्यांनी मला विचारलं.

निघताना मी विचारलं की फोटो पाठवू का. ते म्हणाले, पाठवा, माळ राहिला तर राहिला. व्हिडिओ मात्र पाठवू नका. मी निवडक फोटो वनखात्यातल्या एका अधिकाऱ्यांना आणि पक्ष्यांच्या एका अभ्यासकांना पाठवले. अधिकारी सभ्यपणे बोलले. म्हणाले, फोटो सुंदर आहे, पण जुना आहे, मागे टॉवर नाहीत. फाइलमधली तारीख काय, कुणीही बदलू शकतं. अभ्यासकांनी उत्तरच दिलं नाही. पण फोटो आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर पोहोचला आणि तिथे मला खोटारडी ठरवलं गेलं. मी ग्रुप सोडला. त्यांना दोष तरी काय देऊ? मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

मी पुढचे सगळे रविवार त्याच बोरीआड जाऊन पडले. एकदा मामाही आले, तासभर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसले, मग कॅमेरा परत दिला. त्यानंतर ते माळावर आले नाहीत. दिवाळीनंतर जेसीबी आले, कुंपण उभं राहिलं. आता तिथे प्लेटांच्या रांगा आहेत.

डिसेंबरात एका दुपारी मामा एसटीने नगरला आले, विचारत विचारत थेट लॅबमध्ये. मी त्यांना घरी नेलं. पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांना तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर बघायचा होता. पक्षी नको, म्हणाले. कुत्री बघायची आहेत. कुत्री खरंच तिच्या जवळ पोहोचली होती का, म्हणजे आपण ओरडलो ते बरोबर होतं की नाही... एवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं.

मी कॉम्प्युटरवर व्हिडिओचा शेवटचा भाग एकेक फ्रेम पुढे नेत दाखवला. कुत्री नव्हती. मी म्हटलं, मामा, लेन्स लांब पल्ल्याची आहे, फ्रेम अगदी अरुंद येते, कुत्री तिच्या बाहेर असतील. ते पडद्याकडेच बघत राहिले. मला ते बघवेना. शेवटी मी कडेच्या एका काळसर ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे बघा, हे कुत्रं असणार.

मामा खुर्चीतून पुढे वाकले. त्यांचं नाक जवळजवळ पडद्याला टेकलं होतं.

"ते गवत हाय, ताई," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून उठले.

त्यांना मी बसमध्ये बसवून दिलं. त्यानंतर दोनदा फोन केला, त्यांच्या सुनेने उचलला. म्हणाली, मामा कुणाशीच फारसं बोलत नाहीत.

कॅमेरा मी सर्व्हिस सेंटरला दाखवला, त्यात काही बिघाड नाही. फाइल्स माझ्याकडे आहेत, तीन ठिकाणी कॉपी करून ठेवल्यात. त्या सकाळी सेन्सरवर नेमका कुठला उजेड पडला, माझ्याच कॅमेऱ्यात का, आणि ज्या माणसाने ते ऐकायला नको होतं त्याच्यापर्यंतच ते का पोहोचलं... मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल असंही वाटत नाही.