बदकांची गाडी

लालबागला आमच्या चाळीच्या अंगणात एका शेठजींची, जीपच्या मागे जोडायची दोनचाकी गाडी उभी असे. तिच्यात शिकारीची लाकडी बदकं असत. ती तळ्यात सोडली की खरी बदकं फसून खाली उतरत. ती सांभाळायचं काम तळमजल्यावरच्या मालवणी शेजाऱ्याकडे होतं. प्रत्येक बदक तो जुन्या धोतराच्या पिशवीत घालायचा, मानेला मान घासू द्यायचा नाही. कुणी हात लावला की खेकसायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला त्या दुपारी एक जखमी गिरणीकामगार आमच्या दारापाशी कोसळला. शेजाऱ्याने सगळी बदकं अंगणात ओतली.

"अहो, शेठजींना विचारा तरी!" मी म्हणालो.

"बदकां थांबतली. हो माणूस थांबाचो नाय."

त्याने जखमीला गाडीत निजवलं आणि दांडा छातीशी धरून परळच्या इस्पितळापर्यंत गाडी ओढली. मी मागून ढकलत होतो. माणूस वाचला.

पुढे शेठजी आले. फळीवरचा डाग पाहून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"रगत," तो शांतपणे म्हणाला. "गाडी परत लागली, तर परत न्हेतलंय."