ओढा पार झाला की

आमच्या अप्पांना स्वतःची चूक कधी सापडली नाही. आमटी खारट झाली तर मिठाचा पुडा वाईट निघायचा, चष्मा हरवला तर घरातल्या कुणीतरी तो हलवलेला असायचा, आणि गोल्फचा चेंडू झाडीत गेला तर दोष ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा नव्हे. होलची, म्हणजे खेळातल्या एकेका टप्प्याची, सुरुवात करताना सगळ्यात लांबचा फटका ज्या मोठ्या डोक्याच्या काठीने मारतात, तिला ड्रायव्हर म्हणतात. शहाणी माणसं ही काठी वर्षानुवर्षं वापरतात. अप्पा, म्हणजे माझे सासरे, ती चपलांसारखी बदलायचे.

डोंबिवलीत राहून गोल्फ कसला, असं लोक मला अजून विचारतात. अप्पा आंबिवलीच्या पलीकडे एका कारखान्यात इंजिनियर होते. जुन्या काळी तिथल्या साहेब लोकांसाठी नऊ होलचं मैदान आखलेलं होतं. साहेब गेले, मैदान राहिलं, आणि निवृत्त झालेल्या काही मंडळींनी ते आपल्या हिमतीवर चालू ठेवलं. टीव्हीवर दिसते तशी हिरवळ डोळ्यांपुढे आणू नका. पाऊस संपला की सगळं गवत पिवळं, मधूनमधून कातळ, आणि फटका मारायच्या आधी गुरं हाकलावी लागायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अप्पांची गाडी आम्ही बंद केली. माझा नवरा रविवारी दहाच्या आत डोळे उघडत नाही, त्यामुळे अप्पांना मैदानावर न्यायचं काम माझ्याकडे आलं. गाडीत बसून मी कंटाळायला लागले, तेव्हा अप्पांनी एक काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "नुसती बसू नकोस, मेधा. चुकव चार फटके." अशी मी गोल्फ शिकले.

ड्रायव्हर बदलायला अप्पांना कारण लागायचं, आणि कारणांचा तुटवडा कधीच नव्हता. एकाचा आवाज आवडेना. "ऐक, रॉकेलच्या डब्यावर मारल्यासारखं वाजतंय." दुसऱ्याचं पांढरं डोकं उन्हात डोळ्यांवर यायचं. एकदा एका नव्या मेंबरचा चेंडू त्यांच्या चेंडूच्या कितीतरी पुढे जाऊन पडला, तर अप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याच्या हातात काय आहे, बघितलंस का?" हातात काय आहे ते त्यांनी बघितलं, पण हात पस्तिशीच्या माणसाचे आहेत हे काही बघितलं नाही. मी तसं म्हटल्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य आलं, "माणूस थकत नाही, मेधा. लोखंड थकतं."

गंमत म्हणजे नवा ड्रायव्हर पहिल्या रविवारी खरंच लांब मारायचा. नव्या वस्तूशी आपण जरा जपून वागतो, त्याचाच तो परिणाम असणार. दोन-तीन रविवार गेले की अप्पा पुन्हा पूर्वीसारखे घाई करायचे, आणि ड्रायव्हर पुन्हा थकायचा. मग त्याची रवानगी कपाटामागे. त्यातल्या एकाने माझ्या सासूबाई बाल्कनीतल्या वरच्या दांडीवर कपडे वाळत घालायच्या. "यांच्या हातात वाकडी जात होती, माझ्या हातात बघ कशी सरळ जाते," असं त्या मुद्दाम अप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या.

अप्पांचा खेळातला जोडीदार एकच, कल्याणचे डॉक्टर. दवाखाना बंद करून तेही निवृत्त झालेले. डॉक्टरांकडे पहिल्यापासून एकच ड्रायव्हर होता, मुठीपाशी दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेला. अप्पा म्हणायचे, "तुझी काठी म्हणजे फ्रॅक्चरचा पेशंट." डॉक्टर म्हणायचे, "आणि तुझ्या काठ्या म्हणजे नव्या नवऱ्या. नांदली आहे का एक तरी?" खेळ झाला की आंबिवली स्टेशनबाहेर आम्ही मिसळ खायचो. डॉक्टर आपली अर्धी तर्री अप्पांच्या ताटलीत ओतायचे आणि वर अ‍ॅसिडिटीची गोळीही तेच द्यायचे. घरात कुणाचं न ऐकणारे अप्पा ती गोळी मुकाट्याने घ्यायचे.

आता सहाव्या होलबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच बिघडलं. तिथे फटका मारायच्या जागेसमोर ओढा आहे. मारायच्या जागा दोन. निळ्या खुणा मागे, लाल खुणा बऱ्याच पुढे, ओढ्याच्या काठाजवळ. नियमाने कुणीही कुठूनही मारावं. पण सगळ्यांच्या मनात पक्कं बसलेलं की निळ्या खुणा पुरुषांच्या आणि लाल खुणा बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या. एका रविवारी डॉक्टर तिथे थांबले आणि म्हणाले, "अप्पा, आजपासून मी लालवरून मारणार. गुडघा ऐकत नाही. तूही चल. दोघं शेजारी उभे राहू."

"मी बायकांच्यात उभा राहत नाही," अप्पा म्हणाले.

मी तेव्हा लाल खुणांकडेच निघालेले. "मग मी कोण, अप्पा?" असं मी विचारलं, आणि डॉक्टर खो खो हसले. अप्पांनी निळ्यावरून मारला, चेंडू ओढ्यात. डॉक्टरांनी लालवरून मारला आणि तो सहज पलीकडे गेला. बऱ्याच दिवसांनी त्यांना तो ओढा पार करता आलेला. ते खुशीत मागे वळले, आणि अप्पा म्हणाले, "पुढून मारलेलं मी धरत नाही. तो खेळ नव्हे, व्यायाम आहे. डॉक्टरांनी सांगितलेला."

एरवी डॉक्टरांनी यावर काहीतरी तिखट परत दिलं असतं. त्या दिवशी ते नुसतं "बरं" म्हणाले. मिसळ न खाताच गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. ते बुधवारी सकाळी येऊन खेळून जातात असं मागाहून कळलं.

"फोन करा ना त्यांना," मी म्हणायचे. सासूबाई म्हणायच्या. माझा नवरासुद्धा म्हणाला, म्हणजे बघा.

"करणार आहे," अप्पा म्हणायचे. "ओढा पार झाला की करतो. निळ्यावरून. रिकाम्या हाताने काय बोलू त्याच्याशी?"

तोवर ड्रायव्हर बदलणं ही अप्पांची हौस होती, आम्ही तिच्यावर हसायचो. आता प्रत्येक नवा ड्रायव्हर एका फोनसाठी येऊ लागला. गोल्फ खेळणारी माणसं हे असं का करतात, मला विचाराल तर दहा कारणं सांगेन: आवाज, रंग, जाहिरात, शेजाऱ्याचा फटका. पण अप्पांचं कारण मला ठाऊक होतं, आणि त्याच्यापुढे माझं काही चालत नव्हतं. दोन शब्द बोलून मिटणारी गोष्ट या माणसाने लोखंडावर सोपवली होती.

ठाण्यात खोपटच्या बाजूला एक दुकान होतं. तिथे जाळीत फटका मारायचा आणि तो किती लांब गेला असता ते पडद्यावर दिसायचं. दुकानातला रोहन अप्पांना चांगला ओळखायला लागला होता. एकदा त्याने तीन-चार फटके बघितले आणि म्हणाला, "अंकल, खरं सांगू? ड्रायव्हरमध्ये काय लफडा नाहीये. दांडी तुम्हाला कडक पडते. ही नरमवाली मारून बघा, बॉल आपोआप उचलेल."

अप्पांनी मारून बघितली. पडद्यावरचा आकडा असा वाढला की त्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा मारली, पुन्हा तेच. पोरासारखे खूश झाले. मग त्यांनी काठी उलटीपालटी करून बघितली, आणि दांडीवर लिहिलेलं 'सीनियर' त्यांना दिसलं. काठी त्यांनी हळूच जागेवर ठेवली.

रोहनचं लक्ष नव्हतं. तो आपल्याच नादात बोलून गेला, "तुमचे ते डॉक्टर फ्रेंड आलेले ना, ते पण हेच बोलले. अप्पा आले तर त्यांना नरम दांडी दे, फक्त माझं नाव सांगू नको. च्यायला, सांगून टाकलं मी."

मला वाटलं, आता विरघळतील. अप्पांचे कान लाल झाले. "कडकवाला दे," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर शिळफाटा आला. अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्यासाठी एवढ्या लांब आला. तसला गुडघा घेऊन."

"मग लावा फोन. आत्ता लावा, मी गाडी बाजूला घेते."

"ओढा पार झाला की."

"अप्पा, तो ओढा आहे. समुद्र नाही," मी म्हटलं. मला खरंच राग आला होता.

तो हिवाळा गेला आणि पुढचाही येऊन सरत आला. कडक दांडीचे चेंडू एकामागून एक ओढ्यात जात राहिले. एका सकाळी वारा आमच्या पाठीवर होता, बऱ्यापैकी जोराचा. अप्पांनी निळ्यावरून मारला. चेंडू उंच गेला, पलीकडच्या काठावरच्या दगडावर आपटला आणि उडी मारून गवतात जाऊन बसला.

अप्पांना इतक्या लांबचं दिसायचं नाही. "गेला?"

"गेला."

"नक्की?"

"दगडाला लागून गेला."

"दगड पलीकडचा ना?"

"पलीकडचा."

"मग गेला," ते म्हणाले, आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांनी खिशातून फोन काढला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असायचा, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं.

"बोल रे अप्पा," डॉक्टर म्हणाले, काल भेटल्यासारखे.

"कुठे आहेस?"

"बडोद्याला, मुलीकडे. दिवाळीनंतर कल्याणचं घर बंद केलं."

अप्पांनी काठी खाली टेकवली. मग म्हणाले, "आणि खेळ?"

"सोडला रे. बॅग तिथेच कुणाला तरी देऊन आलो. पुढून जमत होतं छान, पण पुढे एकट्याने उभं राहायला करमेना. बुधवारचे सगळे तुझ्याच जातीचे, मागून मारणारे." डॉक्टर हसले. "ते जाऊ दे. तू कशाला फोन केलास, ते सांग."

अप्पांनी ओढ्यापलीकडे बघितलं. या एका वाक्यासाठी त्यांनी एवढ्या काठ्या बदललेल्या. मी वाट बघत होते, आता सांगतील.

"काही विशेष नाही," अप्पा म्हणाले. "सहाव्यावर उभा आहे. आज लालवरून मारला. म्हटलं तुला सांगावं."

"खरंच?"

"मग काय."

"गेला पार?"

"गेला."

"तुला सांगत होतो मी," डॉक्टर म्हणाले. "थांब, मी येतो उन्हाळ्यात. दोघं मिळून मारू."

"ये," अप्पा म्हणाले. "लवकर ये."

फोन खिशात टाकून ते माझ्याकडे न बघता चालायला लागले. पलीकडे गेल्यावर तो चेंडू त्यांनी उचलला आणि पुढे खेळलेच नाहीत.

पुढच्या रविवारी सहाव्या होलवर ते निळ्या खुणांपाशी थांबले नाहीत. माझ्याबरोबर सरळ पुढे आले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "त्याला सांगितलंय, तर मारायला हवं." त्या दिवसानंतर अप्पांनी ड्रायव्हर बदलला नाही. कडक दांडीची ती काठीच शेवटपर्यंत वापरली, आणि तिच्याबद्दल एका शब्दाची तक्रार केली नाही.

उन्हाळ्यात डॉक्टर येऊ शकले नाहीत, आणि पावसाळ्यात बडोद्याहून त्यांच्या मुलीचा निरोप आला. अप्पांनी तो दोनदा वाचला आणि मला म्हणाले, "फोन आधीच करायला हवा होता, मेधा. फुकट वेळ घालवला मी." स्वतःची चूक सापडल्याचं त्यांच्या तोंडून मी तेवढं एकदाच ऐकलं.

गेल्या वर्षी अप्पाही गेले. अगदी त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यापर्यंत आम्ही रविवारी मैदानावर जायचो. लाल खुणांमध्ये मी मारायला उभी राहिले की ते थोडे लांब, अगदी कडेला जाऊन उभे राहायचे. मध्ये एका माणसाची जागा मोकळी राहायची. मीही कधी त्या जागेत पाय ठेवला नाही.